शेपूट येईपर्यंत

१

डोंगरात पाहुण्यांना हिंडवण्याच्या धंद्यात एक नियम आहे. पुढे चालतो तो वाटाड्या, सगळ्यांच्या मागे चालतं ते शेपूट, आणि मधे पांगलेली मंडळी. जिथे वाट फुटते तिथे वाटाड्या आपल्या लगेच मागच्या माणसाला उभं करतो. तो खांब. खांबानं हात लांब करायचा, येणाऱ्याला बरोबर वाट दाखवायची, आणि शेपूट आपल्यापर्यंत पोचेपर्यंत तिथून हलायचं नाही. शेपूट आलं की खांब मोकळा. यॉर्कशरच्या खोऱ्यांत लोक वर्षानुवर्षं असेच चालत आले आहेत.

ब्रेंडा ऑल्डरसननं सकाळी पबच्या अंगणात नव्या पाहुण्यांना हे सगळं सांगितलं. मंडळींची पोटं अंड्यांनी आणि सॉसेजनी भरलेली होती, पिशव्यांत दुपारची सँडविचं होती, आणि सुट्टीचा पहिलाच दिवस असल्यामुळे सगळे एकमेकांशी फार गोड बोलत होते.

"पाऊस आला तरी हलायचं नाही?" मिस्टर हॉब्सननी विचारलं. ते निवृत्त शाळामास्तर होते आणि प्रश्न विचारताना अजून बोट वर करत.

"पाऊस येणारच आहे," ब्रेंडा म्हणाली. "तरी हलायचं नाही."

"आणि मला लागली तर गं?" एनिडबाई म्हणाल्या. त्यांचं वय सगळ्यांत जास्त होतं आणि तोंडही.

"तर त्या दगडी गडग्यामागे जायचं. पण हात वर दिसला पाहिजे."

सगळे खो खो हसले. हा विनोद ब्रेंडाच्या नवऱ्याचा होता. हसला नाही तो एकटा नायजेल. तो बाकावर पाय ठेवून बुटाची बांधलेलीच नाडी पुन्हा बांधत होता. कंपनी नायजेलची, सामानाची गाडी नायजेलची आणि शेपूटही नायजेलच. एक पगार वाचतो ना!

"आज धुकं उतरेल," तो नाडीकडे बघत म्हणाला. "ब्रेंडा, आपण खालून नदीकाठानं जाऊ या का?"

"पाहुण्यांनी माळावरच्या वाटेचे पैसे भरलेत," ब्रेंडा म्हणाली. "आपण माळावरनंच जाऊ."

२

ब्रेंडाचा नवरा ट्रेव्हर गेल्या ऑक्टोबरात याच माळावर वारला. त्या दिवशी ती घरी तापानं फणफणली होती. वाटाड्या म्हणून दुसऱ्या खोऱ्यातला कोणी भाड्याचा माणूस होता आणि ट्रेव्हर हौसेनं बरोबर गेला होता. माळाच्या टोकाला जिथे गडगा संपतो तिथे वाट फुटते. एक वाट कुरणातून खाली गावात उतरते, दुसरी सरळ दलदलीत जाते. त्या फाट्यावर ट्रेव्हरला खांब केलं. मग धुकं उतरलं. मंडळी पबमध्ये पोचली तेव्हा ट्रेव्हर त्यांच्यात नव्हता, पण तो गावातलाच माणूस, परस्पर घरी गेला असेल असं सगळ्यांना वाटलं. घरी ब्रेंडाला वाटलं, बसला असेल पबमध्ये. दुसऱ्या दिवशी सकाळी तो फाट्यालगतच, गडग्याच्या पलीकडच्या ओढ्यात सापडला. थंडीनं गेला, असं डॉक्टर म्हणाले.

इथपर्यंत दैव. पुढचं दैव नव्हे.

मृत्यूच्या चौकशीत नायजेलनं शपथेवर सांगितलं, "मी सगळ्यांच्या मागून त्या फाट्यावर आलो. तिथे कोणी नव्हतं. मी हाका मारल्या. मला वाटलं, कंटाळून निघून गेला." झालं. चौकशी अधिकाऱ्यानं मान हलवली, आणि ट्रेव्हर ऑल्डरसन आपली जागा सोडून भटकला आणि स्वतःच्या चुकीनं मेला, असं कागदावर आलं. गावातले लोक दुकानात ब्रेंडाचा हात दाबून म्हणायचे, "बिचारा! जरा थांबला असता तर!"

थांबला असता तर! ट्रेव्हरबद्दल! एकदा रस्त्याच्या कामासाठी कोणीतरी आडरानात तात्पुरता सिग्नल लावला होता आणि तो बिघडून लालवरच अडकला होता. मागेपुढे मेंढ्यांशिवाय जीव नाही. ट्रेव्हर इंजिन बंद करून वर्तमानपत्र उघडून बसला. शेवटी ब्रेंडानं खाली उतरून दिव्याला लाथ घातली. असा माणूस! चहाचं पाणी उकळेपर्यंत किटलीपाशी उभा राहणारा माणूस! तो जागा सोडून जाईल?

लोक म्हणतात, काळ हे औषध आहे. ब्रेंडाचं औषध नासलं होतं. ती झोपेत दात खात असे. या हंगामात नायजेलनं तिला मुद्दाम या खोऱ्यापासून लांब ठेवलं, पण इथल्या वाटाड्याचा पाय मुरगळला आणि गरजवंताला अक्कल नसते म्हणतात तसं त्याला तिलाच फोन करावा लागला. ती लगेच हो म्हणाली. तिला एकच हवं होतं. त्या फाट्यावर उभं राहून नायजेलनं म्हणावं की मी इथे आलोच नव्हतो.

३

माळावर चढेपर्यंत ऊन होतं. मेंढवाड्यापाशी बसून मंडळींनी सँडविचं खाल्ली आणि थर्मासातला चहा प्यायला. मेंढवाड्यापासून एक गाडीवाट थेट खाली जाते, शेतकरी ट्रॅक्टर घेऊन येतात ती. पाहुण्यांची वाट मात्र पुढे माळावरून, गडग्याच्या कडेनं. नायजेल सगळ्यांपासून लांब, एका दगडावर बसला होता आणि त्याचं सँडविच तसंच हातात होतं.

ते उठले आणि धुकं आलं. सोबत भुरभुर पाऊस. ब्रेंडा पुढे होती, तिच्यामागे पॉलिन नावाची तरतरीत बाई, बाकीचे मागे रेंगाळत होते. गडग्याचे दगड काळे पडले. कुठेतरी मेंढी खोकल्यासारखी ओरडली.

गडगा संपतो तिथे जमिनीत एक सपाट फरशी आहे. ब्रेंडा तिच्यापाशी थांबली. फरशी पावसानं भिजून चकचकत होती, आणि तिच्या मधोमध दोन जागा कोरड्या होत्या. बुटांच्या मापाच्या. शेजारीशेजारी, बोटं कुरणाच्या वाटेकडे. एखादा माणूस पाऊस सुरू व्हायच्या आधीपासून तिथे उभा असावा आणि आत्ता, याच क्षणी, बाजूला झाला असावा, तशा.

ब्रेंडानं आजूबाजूला पाहिलं. धुक्यात काही नव्हतं.

असेल कोणी, तिनं मनाशी म्हटलं. या वाटेनं काय आपणच चालतो? असेल कोणी आडोशाला थांबलेला. ती बघत होती तोवर पावसाचे थेंब पडून त्या दोन्ही जागा ओल्या झाल्या.

"पॉलिन, इथे उभी राहा. हात असा. नायजेल येईपर्यंत हलू नकोस."

"नाही हलणार," पॉलिन म्हणाली. "हात वर ठेवीन." आणि हसली.

४

कुरणाच्या तळाशी दगडी गोठा आहे. तिथे ब्रेंडा सगळ्यांची वाट बघत थांबली. तिथून खालच्या गावातली धुराडी दिसतात. वर मात्र माळ धुक्यात गडप झाला होता.

धुक्यातून पहिली बाहेर आली ती पॉलिन.

ब्रेंडाचं माथंच फिरलं. "तू? तू कशी आलीस? नायजेल कुठाय? बाकीचे कुठायत?"

"येताहेत ना मागून."

"मग तू का हललीस? सकाळी काय सांगितलं होतं? इथे माणूस मेलाय, बाई, इथे!"

पॉलिनचा चेहरा उतरला. "पण तुमचे ते दुसरे गृहस्थ आले ना! ते म्हणाले, तू जा पोरी, मी उभा राहतो. मला वाटलं, तुमच्यातलेच आहेत. ते येऊन त्या फरशीवर असे उभेच राहिले की, मला बाजूलाच व्हावं लागलं."

"कुठले गृहस्थ?"

"निळी लोकरी टोपी होती. तोंड नीट नाही दिसलं. धुकं किती आहे."

शेतकरी असेल, ब्रेंडा मनाशी म्हणाली. ट्रेव्हरचीही टोपी निळीच होती, पण या भागात निळ्या टोप्यांचा काय तुटवडा आहे? एखादा म्हातारा शेतकरी, शहरातली बाई गारठलीय म्हणून दया आली असेल. हे पटण्यासारखं होतं. ब्रेंडानं ते स्वतःला पटवलंही.

मग मिस्टर हॉब्सन आले, चष्मा पुसत.

"तुमची व्यवस्था उत्तम आहे हं," ते म्हणाले. "त्या वळणावर मी दलदलीतच निघालो होतो. त्या गृहस्थांनी हात केला म्हणून वाचलो. फारसे बोलत नाहीत ते. मी गुड आफ्टरनून म्हटलं तर एवढंच विचारलं, शेपूट मागे आहे ना? म्हटलं, आहे."

ब्रेंडानं वर धुक्याकडे पाहिलं. शेपूट! हे शेतकरी कशाला विचारेल?

एनिडबाई मागोमाग काठी टेकत आल्या. "मला पण तेच विचारलं बाई त्यानं. शेपूट मागे आहे ना? म्हटलं, आहे रे बाबा, आहे, येतंय हळूहळू. फरशी निसरडी म्हणून मला हात दिला. अगं, केवढा गार हात! मी म्हटलं, हातमोजे घाल की रे बाळा, बायको नाही का तुला सांगायला? तर म्हणाला, आहे ना, फार ओरडते."

सगळे हसले. ब्रेंडानं गोठ्याच्या भिंतीला हात टेकला.

५

नायजेल आला, पण कुरणातून नाही. तो गोठ्याच्या मागून आला, जिथे ती गाडीवाट गावाकडच्या रस्त्याला मिळते. श्वास लागलेला नव्हता. बुटांवर गाडीवाटेची पांढरी खडी होती, माळावरच्या काळ्या मातीचा कण नव्हता.

"सगळे पोचले?" तो म्हणाला. "चला मग, पबमध्ये शेकोटी पेटली असेल."

"फाट्यावरनं आलास?" ब्रेंडानं विचारलं.

"हो."

"कोण होतं तिथे?"

नायजेलनं पॉलिनकडे पाहिलं, मग बाकीच्यांकडे. "कोणी नव्हतं. पॉलिन तर इथेच आहे."

गोठ्याच्या छपरावरून पाणी ठिबकत होतं. मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली.

"असं कसं?" मिस्टर हॉब्सन म्हणाले. "ते गृहस्थ आहेत की. निळ्या टोपीचे."

नायजेलच्या तोंडावरचा रंग उडाला. अगदी बघता बघता उडाला. ब्रेंडानं वर्षभर रात्री डोळे मिटून हेच तोंड असं व्हावं म्हणून वाट पाहिली होती, आणि आता ते झालं तर तिला आणखी चीड आली.

"गेल्या वर्षी शपथेवर हेच म्हणालास," ती म्हणाली. "कोणी नव्हतं. शब्दही बदलले नाहीस, हलकटा. तू आज गाडीवाटेनं उतरलास. त्या दिवशीही गाडीवाटेनं उतरलास. आणि माझ्या नवऱ्याला वेंधळा ठरवून मोकळा झालास."

"ब्रेंडा, पाहुण्यांसमोर नको."

"पाहुण्यांसमोरच! सगळ्या गावानं माझा हात दाबून झालाय. आता यांनाही कळू दे, यांच्या मागे कोण चालतं ते."

"पण एक मिनिट," मिस्टर हॉब्सननी बोट वर केलं. त्यांना भांडणातलं काही कळलं नव्हतं आणि एक गोष्ट सोडून दुसरी दिसतही नव्हती. "म्हणजे ते गृहस्थ अजून तिथे उभेच असतील. आम्ही सगळ्यांनी त्यांना सांगितलंय, शेपूट मागे आहे म्हणून. ते वाट बघत असतील."

"गारठलाय रे बिचारा," एनिडबाई म्हणाल्या. "जा, सांग जाऊन त्याला. तूच ना शेपूट?"

"मी नाही जाणार वर," नायजेल म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "मी या वर्षात एकदाही तिथून गेलेलो नाही. मला तिथे जाववत नाही, ब्रेंडा. लांबूनसुद्धा दिसतं."

"काय दिसतं?"

त्यानं माळाकडे पाठ फिरवली.

ब्रेंडानं पाहुण्यांना खाली गावाकडे लावून दिलं. वाट समोर होती, पब समोर होता. मग तिनं नायजेलची बाही धरली आणि त्याला कुरणाच्या तोंडाशी आणलं. तो तिच्यापेक्षा दीडपट होता. झटकलं असतं तर ती पडली असती. पण सगळे पाहुणे वळून वळून बघत होते, आणि नायजेल आयुष्यभर पाहुण्यांच्या मर्जीवर जगलेला माणूस होता. तो चालायला लागला.

६

ब्रेंडा पुढे, नायजेल मागे. धुकं इतकं दाट की तिला आपल्या बुटांपलीकडे दिसत नव्हतं. मागून त्याच्या पावलांचा आणि श्वासाचा आवाज येत होता.  तो आपणहून बोलायला लागला.

"त्या दिवशी एका बाईचा गुडघा दुखत होता. मेंढवाड्यापासून गाडीवाट सोपी. म्हटलं, तिला उतरवतो."

ब्रेंडानं मागे पाहिलं नाही.

"खाली आल्यावर आठवलं मला. देवाशपथ आठवलं. पण तोवर उजेड कमी झाला होता, पाय भिजले होते. वाटलं, येईल की उतरून. म्हातारा आहे, लहान पोर थोडंच आहे? इतका वेळ कोण उभं राहतं गं? तूच सांग, कोण उभं राहील?"

हेच ते. हेच तिला हवं होतं. आत्ता तिनं थांबून, वळून, त्याच्या थोबाडीत ठेवून द्यायला हवी होती. पण ते शब्द अंगावरून पावसासारखे ओघळून गेले आणि आत काहीच पोचलं नाही. कारण खरा प्रश्न त्यानं विचारला होता, आणि तो पहिल्यांदाच कोणीतरी मोठ्यानं विचारला होता. कोण उभं राहतं इतका वेळ?

"चौकशीत घाबरलो," नायजेल म्हणत होता. "कंपनी बुडाली असती. तू मला जे म्हणशील ते, पण चल, खाली जाऊ. मी सगळीकडे सांगतो. लिहून देतो. चल."

"फाट्यावर सांग," ब्रेंडा म्हणाली. "त्याला सांग."

पुढे गडग्याचं टोक दिसलं. काळे दगड, त्यावरचं शेवाळ, दगडांच्या फटीतून शीळ घालणारा वारा. फरशी रिकामी होती. ब्रेंडा थांबली.  कोणी नाही. पाहुण्यांनी कोणा शेतकऱ्याला पाहिलं. नायजेलला त्याच्या मनानं खाल्लं. आणि तिला चीड खात होती, वर्षभर. माणसं अशीच वेडी होतात.

मग धुकं जरासं हललं.

७

आधी हात दिसला. फरशीच्या वर, खांद्याच्या उंचीला, लांब केलेला. बाहीतून पाणी गळत होतं, थेंब थेंब, आणि खाली फरशीवर त्याचा आवाज होत होता. हात थरथरत नव्हता. टोपीची कड दिसली. टोपीच्या खाली जिथे तोंड असायला हवं तिथे धुकं होतं, आणि ते दुसरीकडच्या धुक्यासारखं हलत नव्हतं.

"शेपूट मागे आहे ना?"

आवाज अगदी साधा होता. दुधाच्या बाटल्या आत घेतल्यास का, असं विचारावं तसा.

ब्रेंडाच्या मागे दगड घसरले. नायजेल पळाला. शब्द नाही, आरोळी नाही, नुसते बुटांचे आवाज, आधी वाटेवर, मग गवतात, मग दलदलीच्या बाजूला. त्या बाजूला वाट नव्हती. काही वेळानं तेही आवाज थांबले.

  ब्रेंडा पुढे झाली, कारण आवाज त्याचा होता.

"ट्रेव्हर, मी आहे. तो नाही येत. तो कधीच येणार नाही. मीच शेवटची. चल, आता घरी चल."

हात तसाच राहिला. मग तो म्हणाला, शब्दकोड्यातली तिची चूक सुधारायचा तितक्याच सांभाळून, "तू पुढची ना गं."

ब्रेंडाला वाटलं होतं, या क्षणी ती रडेल. रडली नाही. वर्षभर तिनं ज्या ज्या माणसावर दात खाल्ले होते, नायजेल, चौकशी अधिकारी, दुकानात हात दाबणारे, ते सगळे बाजूला झाले आणि एकटा हाच उरला. तिनं दोन्ही हातांनी ती बाही पकडली. भिजलेल्या घोंगडीसारखी जड, आणि इतकी गार की बोटं जळाली.

"अरे मूर्खा!" ती ओरडली. "सोड ना! सगळे म्हणतात तू जागा सोडलीस, जागा सोडलीस! मी एकेकाशी भांडले, माझा नवरा सोडणारा नव्हे म्हणून! कशाला भांडले? सोडायला हवी होतीस! गाव खाली होतं! वाट माहीत होती तुला! मी तापात पडले होते आणि तू इथे हात लांब करून उभा! कोणासाठी रे? माझ्यासाठी नाही हलवला पाय? सोड! एकदा तरी सोड जागा!"

तिनं सगळा जोर लावून ओढलं. गडग्यातला दगड ओढावा तसं. काहीही हललं नाही. वाऱ्यात तिचाच आवाज तिच्याकडे परत आला, आणि तो चिरकलेला होता.

मग त्या हातानं स्वतःला तिच्या मुठीतून हळूच सोडवून घेतलं, तिला दुखू नये अशा बेतानं. तो पुन्हा लांब झाला आणि कुरणातून खाली उतरणाऱ्या वाटेकडे वळला.

तिनं बराच वेळ त्या बोटाकडे पाहिलं. ते तिला खाली जायला सांगत होतं. धुकं दाटत होतं, अंधार पडायच्या आत उतरायला हवं होतं, आणि बरोबर वाट तीच होती. वर्षभर सगळ्या जगाशी भांडलेली ती बाई मुकाट्यानं त्याच्या हाताखालून गेली आणि उतरायला लागली.